आईला रात्री झोप लागत नाही, मग भूल लागेल का?

प्रश्न एका मुलीने विचारला आहे. आईचं वय ७१. पित्ताशयात खडे झालेत, पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, पूर्ण झोपवून करू." त्या दिवसापासून आईचं घरात एकच चाललंय: "माझ्या स्वतःच्या गादीवर मला रात्री दोन-दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. तिथे त्या टेबलावर, एवढ्या उजेडात कशी झोप लागणार? लागली आणि मध्येच जाग आली तर? आणि नाहीच आली तर?" बरीच वर्षं त्या रोज रात्री अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची अर्धी गोळी घेतात. मुलीला विचारायचंय ते असं: झोप आणि भूल एकच का, मेंदूत नेमकं काय बंद होतं, आणि आईला काय सांगू?

मी भूलतज्ज्ञ आहे. कोल्हापूर भागात गेली २४ वर्षं हेच काम करते. तुमच्या आईंचा प्रश्न मला अजिबात भाबडा वाटत नाही, त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. घोळ आम्ही डॉक्टरांनी घातलाय, 'झोपवून करू' असं म्हणून. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होते. खरं तर आपल्याकडे भूल हा इतका नेमका शब्द आहे. झोप येते, लागते, उडते, मोडते; ती कुणी देत नाही. भूल मात्र दिली जाते, चढते आणि उतरते. मराठी बोलणाऱ्यांनी या दोन्ही शब्दांची क्रियापदं कधीच वेगळी करून ठेवली आहेत, आणि मेंदूतला फरकही साधारण तिथेच आहे.

आईंच्या बोलण्यात तीन भीती आहेत: भूल लागणारच नाही, अर्ध्यात जाग येईल, आणि परत जाग येणारच नाही. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. आधी एक सांगते. मी आईंना पाहिलेलं नाही. त्यांचं वजन, बीपी, हृदयाची स्थिती, रात्री घोरतात का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं मला काही माहीत नाही. औषध कोणतं आणि किती, हे त्यांना तपासणारा भूलतज्ज्ञच ठरवेल. पण झोप लागत नाही म्हणून भूल लागणार नाही, या भीतीला आधार नाही. हे मी निःशंकपणे सांगू शकते, आणि का, ते समजावून सांगते.

झोपेपासून सुरुवात करू. १९१७ च्या सुमारास युरोपात मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांच्याकडे दोन तऱ्हांचे रुग्ण येत होते. बहुतेक जण दिवसचे दिवस झोपून राहायचे, जेवायला उठवलं तरी घास तोंडात धरून पेंगायचे. थोड्या जणांचं नेमकं उलटं, त्यांना झोपच येईना. जे दगावले त्यांचे मेंदू तपासल्यावर फॉन इकोनोमो यांना दिसलं, की झोपाळूंची इजा हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या लहानशा भागाच्या मागच्या बाजूला, जिथे तो मेंदूच्या देठाला मिळतो तिथे होती. आणि निद्रानाश झालेल्यांची होती हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. म्हणजे जागं ठेवणारी जागा वेगळी आणि झोपवणारी वेगळी. त्या काळी मेंदूचा आलेख काढायचं यंत्रही नव्हतं, तरी ही मांडणी आजही टिकून आहे.

मेंदूचा देठ म्हणजे ब्रेनस्टेम, मानेच्या वर, अंगठ्याएवढा भाग. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या दोघांनी गुंगीत असलेल्या मांजराच्या ब्रेनस्टेममधल्या जाळ्याला विजेचा हलका झटका दिला, तर मेंदूच्या आलेखातल्या संथ लाटा जाऊन जागेपणीच्या बारीक, वेगवान लाटा उमटल्या. जागेपणा आपोआप राहत नाही, तो खालून सतत पुरवावा लागतो, हे त्यातून कळलं. हा पुरवठा करणारी केंद्रं लहान आहेत. त्यातलं मला फार आवडणारं केंद्र म्हणजे लोकस सेरुलियस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निळी जागा, कापलेल्या मेंदूत ती खरोखर निळसर दिसते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यातल्या जेमतेम ५० हजार या निळ्या जागेत. तिथून निघालेले धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरतात आणि नॉरॲड्रिनॅलिन नावाचं रसायन सोडतात. शेजारच्या दुसऱ्या केंद्रांतून सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिन येतं, हायपोथॅलॅमसमधून हिस्टामिन. सर्दीची जुनी गोळी घेतली की पेंग येते ना, ती मेंदूतल्या याच हिस्टामिनला अडवल्यामुळे.

या सगळ्यांना झोपवणारा गट हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात बसलेला असतो, त्याला व्हीएलपीओ म्हणतात. तो जागेपणाच्या केंद्रांवर गाबा नावाचं रसायन सोडतो आणि त्यांना गप्प करतो. उलट बाजूने जागेपणाची केंद्रंही त्याला गप्प ठेवत असतात. एकाने दुसऱ्याला दाबलं की तो आणखी दबतो, म्हणून आपण फार वेळ अर्धवट राहत नाही. दिव्याच्या बटणासारखं इकडे नाहीतर तिकडे. हे बटण सारखं खालीवर होऊ नये म्हणून ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी जागेपणाच्या बाजूला टेकू देतात. ओरेक्सिनचा शोध १९९८ चा. ज्या माणसांच्या या पेशी नष्ट होतात त्यांना नार्कोलेप्सी होते, बोलताबोलता झोप लागते, हसता हसता गुडघे सैल पडतात. टेकू निघाला की बटण कसं वागतं, ते त्यांच्यात दिसतं.

झोपेकडे बटण ढकलणाऱ्या गोष्टी दोन. दिवसभर जागल्याने मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ही एक. दुसरी, डोळ्यांकडून उजेडाची खबर घेणारं शरीराचं घड्याळ. चहाकॉफीतलं कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवतं, म्हणून संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला नडतो. तुमच्या आईंसारख्या बहुतेक निद्रानाशात झोपवणारं केंद्र मेलेलं नसतं. जागेपणाची बाजू खाली बसायला तयार नसते: काळजी, दुखणं, दुपारची दोन तासांची झोप, वय. झोप ही मेंदूने स्वतः स्वतःला करू दिलेली गोष्ट आहे. सगळ्यांची संमती लागते, आणि एक जण जरी अडून बसला तरी माणूस कूस बदलत राहतो.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये या. भूल देताना मी रुग्णाला आकडे मोजायला सांगत नाही, त्यांच्या कामाबद्दल विचारते. एकदा एक शेतकरी आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन. मी विचारलं, गूळ कसा करता? चेहरा खुलला. सांगू लागले, रस काहिलीत घ्यायचा, खाली चुलवाण पेटवायचं, उकळी आली की भेंडीचं पाणी घालायचं, मग मळी वर येते. मी शिरेतून प्रोपोफॉल सोडत होते. दुधासारखं पांढरं औषध, सोयाबीनच्या तेलात मिसळलेलं, हातातून जाताना थोडं झोंबतं. आजोबा "मळी काढली की पाक..." इथवर आले. आवाज जड झाला, नजर एका जागी ठरली, पापणी मिटली. मी पापणीच्या केसांना हलकेच बोट लावलं, डोळा फडफडला नाही. जबडा सैल पडला. दोनतीन श्वास उथळ झाले आणि श्वास थांबला. मी मास्क लावून त्यांच्यासाठी श्वास द्यायला लागले. पहिला थेंब शिरेत गेल्यापासून एवढं व्हायला मिनिटभरही लागलं नव्हतं. दीड तासाने घशातली श्वासाची नळी काढल्यावर त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, सुरू कधी करनार?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. झोपेतून उठलेला माणूस असं विचारत नाही. घड्याळ न बघताही त्याला कळतं, की डुलकी लागली होती की रात्र सरली. भुलेत वेळच कापून काढलेला असतो.

त्या एका मिनिटात काय घडलं? पेशींवर गाबा ज्या जागी किल्लीसारखं बसतं, प्रोपोफॉल त्याच कुलपात बसतं आणि गाबाचं काम कितीतरी पटीने वाढवतं. व्हीएलपीओ जागेपणाच्या केंद्रांवर जे रसायन वापरतो, तेच हे. म्हणून भूल झोपेच्या वाटेवरून जाते हे खरं. पण ती तिथे थांबत नाही. गाबाची कुलपं मेंदूभर आहेत. औषध रक्तातून एकाच वेळी सगळीकडे पोचतं: ब्रेनस्टेममध्ये पोचतं म्हणून पापणी फडफडत नाही, स्नायू सैल होतात, श्वास थांबतो. थॅलॅमसमध्ये पोचतं, जिथून शरीराच्या सगळ्या खबरा वर जातात. आणि मेंदूच्या वरच्या सालीत, कॉर्टेक्समध्येही पोचतं. झोपेत मेंदू श्वासाची व्यवस्था स्वतःकडे ठेवून बाकीचं आवरतं घेतो. भुलेत ती व्यवस्था माझ्या हातात येते.

तेव्हा आईंच्या पहिल्या भीतीचं उत्तर इथे आहे. झोपेसाठी जागेपणाच्या केंद्रांची संमती लागते, भुलेसाठी ती विचारली जात नाही. गादी, उजेड, काळजी, रात्रीचे दोन, या कशाचा तिथे उपयोगही नाही आणि अडथळाही नाही. घाबरलेल्या माणसाला सुरुवातीला थोडं जास्त औषध लागतं, एवढंच. वयाने तर गरज कमीच होते. भूल चढल्यावर ती टिकवायला श्वासातून जो वायू देतात, त्याचं प्रमाण चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ६ टक्क्यांनी उतरतं. ७१ वर्षांच्या बाईंच्या बाबतीत मला भूल लागेल का याची चिंता नसते, ती जास्त होऊ नये याची असते.

आता मेंदूत 'बंद' काय होतं ते पाहू. बंद हा शब्द मला तितकासा पटत नाही. माझ्या टेबलाजवळच्या मॉनिटरवर कपाळावरच्या पट्टीतून मेंदूच्या लाटा दिसतात. रात्रीच्या झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी चक्र फिरतं: हलकी झोप, गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, जिचा शोध १९५३ मध्ये शिकागोत लागला. प्रोपोफॉलच्या भुलेत हे चक्र नसतं. तिथे कपाळाच्या बाजूला सेकंदाला ८ ते १२ अशा एकसारख्या लाटा आणि त्यांच्याखाली एक फार संथ, सेकंदाला एकाहून कमी वेळा येणारी मोठी लाट, तासन्‌तास तेच. औषध वाढलं तर मध्येमध्ये रेघ सपाट होते, जे झोपेत कधीच दिसत नाही. त्या एकसारख्या लाटा थॅलॅमस आणि कॉर्टेक्स एकाच ठेक्यात अडकल्यामुळे येतात. आणि संथ लाटेमुळे प्रत्येक भागातल्या पेशींना बोलायला अगदी थोडा वेळ मिळतो. गंमत अशी की वेगवेगळ्या भागांच्या वेळा जुळत नाहीत. पेशी जिवंत असतात, आपापल्या जागी कामही करत असतात, पण एका भागाचं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. २००५ मध्ये इटलीचे मार्चेलो मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी जाग्या माणसाच्या डोक्यावर चुंबकाचा ठोका दिला, तर त्याचे पडसाद मेंदूत दूरवर, फिरत फिरत गेले. त्याच माणसाच्या गाढ झोपेत तोच ठोका दिला तेव्हा तो जिथे पडला तिथेच विरला. शुद्ध म्हणजे मेंदूच्या भागांचं आपसातलं बोलणं, असं मानायला जे पुरावे आहेत त्यातला हा मला सर्वांत पटणारा.

सगळी औषधं एकाच वाटेने जात नाहीत, हेही सांगायला हवं, कारण गावाकडे अजूनही केटामीन बरंच वापरलं जातं आणि नातेवाईक घाबरतात. केटामीनमध्ये माणसाचे डोळे उघडे असू शकतात, मेंदूच्या लाटा उलट जोरात चालू असतात, श्वासही बहुधा टिकतो. पण तो इथे नसतो. उलट डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषध त्या निळ्या जागेलाच शांत करतं. त्याने आलेली गुंगी आलेखावर खऱ्या झोपेच्या दुसऱ्या पायरीसारखी दिसते, आणि हाक मारली की माणूस डोळे उघडून उत्तर देतो, मग परत पेंगतो. नुसत्या याच्या जोरावर पोट उघडता येत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन करतो तेव्हाही एक गोष्ट नेहमी दिसते: गुंगीचं काही दिलेलं नसतानाही बरेच जण घोरायला लागतात. कमरेखालच्या खबरा वर जायच्या थांबल्या, की ब्रेनस्टेमला जागं ठेवायला तेवढं इंधन कमी पडतं.

इथवरचं थोडक्यात: झोप हे मेंदूने स्वतः फिरवलेलं बटण, भूल ही बाहेरून सगळ्या मेंदूवर टाकलेली चादर. काही धागे दोन्हींत एकच, म्हणून दोन्ही सारख्या दिसतात.

दुसरी भीती, मध्येच जाग येण्याची. ही मी हसण्यावारी नेत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी मोठी पाहणी करून २०१४ मध्ये आकडे दिले: भुलेत जाग आल्याचं रुग्णाने स्वतःहून सांगितलं, असं साधारण १९ हजारांत एकदा. सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिली असेल तर प्रमाण पुष्कळ जास्त, सुमारे ६७० मध्ये एक, कारण तिथे घाई असते आणि बाळासाठी औषध हात राखून द्यावं लागतं. खोदून विचारलेल्या अभ्यासांत हजारात एकदोन जण निघाले आहेत. बहुतेक वेळा स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असताना असं घडतं, कारण मग माणूस हात हलवून सांगू शकत नाही.

आणखी एक अभ्यास आम्हा सगळ्यांना विचारात पाडणारा आहे. एका हाताला पट्टा बांधून तिथे स्नायू सैल करणारं ते औषध पोचू द्यायचं नाही आणि भुलेत रुग्णाला विचारायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये छापलेल्या अशा एका अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी नळी घातल्यानंतर हात दाबला. त्यातल्या पाच जणांनी दुखतंय असंही सुचवलं. नंतर मात्र यातलं कुणालाच काही आठवत नव्हतं. हात दाबणारे तुलनेने तरुण होते. तेव्हापासून, दुखणं वेगळं आणि शुद्ध वेगळी, ही गोष्ट मी आणखी कसोशीने पाळते: भुलेचा वायू चालू असला तरी फेंटानिलसारखं वेदनेचं औषध वेगळं आणि वेळेवर जातं.

तुमच्या आईंचं ऑपरेशन ठरवून होणार आहे, घाईचं नाही. सोडलेल्या प्रत्येक श्वासात वायू किती आहे ते मशीन दाखवतं. नाडी आणि बीपी सतत समोर असतं. काही ठिकाणी कपाळाच्या पट्टीतून भूल किती खोल आहे त्याचा आकडाही येतो, शून्य ते शंभर, ४० ते ६० च्या मध्ये ठेवायचा. आणि टेबलाच्या डोक्याशी एक माणूस पूर्ण वेळ बसलेला असतो. तो मुख्य.

तिसरी भीती, परत न उठण्याची. इथे मी तुम्हाला आमच्या कामातली सर्वांत नवलाची गोष्ट सांगते. मी रुग्णाला जागं करत नाही. मला ते येतच नाही. स्नायूंचं औषध उतरवायला माझ्याकडे उतारा आहे, पण तो स्नायूंना मोकळं करतो, मेंदूला नाही. रोजच्या भुलेसाठी मेंदूला जागं करणारं इंजेक्शन माझ्या ट्रॉलीत नाही. मी वायू बंद करते, तो श्वासावाटे निघून जातो, आणि मग थांबते. उठण्याचं काम रुग्णाची ती केंद्रं करतात, रोज सकाळी करतात तीच. क्रमही ठरलेला: आधी श्वास नियमित होतो, मग गिळण्याची हालचाल, नळीचा त्रास होऊन खोकला, कपाळाला आठी, आणि सर्वांत शेवटी, "आजी, डोळे उघडा" म्हटल्यावर डोळे उघडणं. देठापासून वर, सालीपर्यंत.

२००८ मध्ये पेनसिल्व्हेनियात मॅक्स केल्झ यांच्या गटाने उंदरांमधल्या ओरेक्सिनच्या पेशी काढून पाहिल्या. भूल चढायला नेहमीइतकीच मात्रा लागली, उतरायला मात्र खूप वेळ लागला. म्हणजे भुलेत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच नाही, बाहेरची वाट मेंदू स्वतः बांधतो. पुढे २०२० मध्ये माकडांच्या थॅलॅमसच्या मधल्या भागात बारीक तारेतून सेकंदाला ५० झटके दिल्यावर, भुलेचं औषध चालू असतानाच माकडांनी डोळे उघडले. झटके थांबवले की परत भुलेत. हे प्रयोगशाळेतलं आहे, थिएटरमधलं नाही, पण जाग कुठून येते ते त्यातून दिसतं.

तेव्हा आईंना सांगा, ज्या मेंदूच्या हट्टी जागेपणाला त्या एवढ्या कंटाळल्यात, त्यांना परत आणणारा तोच आहे. उठायला उशीर होतो तो सहसा औषध जास्त राहिल्याने, अंग गार पडल्याने, साखर कमी झाल्याने, किंवा कार्बन डायऑक्साइड साठल्याने. ही कारणं शोधता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

आता खरी काळजी कशाची करायची ते. पहिली, ती अर्धी गोळी. अल्प्राझोलाम प्रोपोफॉलच्याच कुलपाच्या दुसऱ्या बाजूला बसतं. वर्षानुवर्षं घेतल्यावर मेंदू त्याला सरावलेला असतो. ऑपरेशन आहे म्हणून आईंनी ती मनाने बंद करू नये; अचानक बंद केली तर हात थरथरणं, घाबरणं असं होतं, क्वचित फिटही येऊ शकते. आणि लपवूही नये. पुष्कळ जण 'झोपेची गोळी' औषधांत धरतच नाहीत, विचारलं तर "बीपीची तेवढी आहे" म्हणतात. एका रुग्णाच्या बाबतीत मी हे खोदून विचारलं नव्हतं. ऑपरेशन छान झालं, आणि दुसऱ्या रात्री आजी घरच्यांना ओळखेनात, सलाईन उपटून निघाल्या. तीन दिवसांनी निवळल्या. गोळी दहा वर्षं चालू होती आणि वॉर्डात कुणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी पाकिटंच आणायला सांगते.

दुसरी, ऑपरेशननंतरच्या रात्री. भुलेने झोपेची उधारी फिटते असं धरू नका. दुखणं, वॉर्डातला उजेड, तासातासाला बीपी बघणं आणि वेदनेची औषधं यामुळे पहिल्या एकदोन रात्री झोप तुटक येते. स्वप्नांची झोप तर जवळजवळ नाहीशी होते आणि नंतर एकदम उसळून येते, म्हणून तिसऱ्याचौथ्या रात्री विचित्र, भडक स्वप्नं पडतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दचकणार नाहीत. वयस्कर माणसाला या दिवसांत भ्रम होण्याचा धोका असतो. त्यावर माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत: जाग आल्याबरोबर चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी असणं, दिवसा खिडकीचा उजेड, रात्री दिवा बंद, आणि ओळखीचा आवाज. तुम्ही स्वतः पहिल्या दोन रात्री थांबू शकलात तर उत्तम.

कुणी म्हणेल, भूल इतकी हमखास लागते तर निद्रानाशावर तीच का देत नाही? मायकेल जॅक्सनला झोपेसाठी घरी प्रोपोफॉल दिलं जात होतं, २५ जून २००९ ला त्यातच तो गेला. श्वासाची सूत्रं हातात घेणारा माणूस शेजारी नसेल तर हे औषध देऊच नये.

तिसरी गोष्ट घोरणं, आणि ही मी सर्वांत वर ठेवेन. झोपेत घसा सैल पडून श्वास अडतो, मेंदू गुदमरून दचकतो, जागेपणाची केंद्रं धडपडून उठवतात, माणूस एक श्वास घेतो आणि परत तेच. रात्रभर असं चाललं तर सकाळी वाटतं, झोपच लागली नाही. कित्येक 'निद्रानाश' मुळात हेच असतात, आणि झोपेची गोळी ते आणखी बिघडवते. भुलेत आणि नंतर वेदनेच्या औषधांच्या गुंगीत ती दचकून उठवणारी यंत्रणाच मंद असते. असं काही असेल तर आम्ही औषधं वेगळी निवडतो, नळी रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावरच काढतो, डोकं उंच ठेवतो आणि पहिली रात्र बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून नजरेखाली ठेवतो.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आई झोपल्यावर, मग ती पहाटे तीनला का असेना, मोबाइल उशाशी ठेवून दहा मिनिटं त्यांचा श्वास रेकॉर्ड करा. घोरणं मध्येच एकदम थांबतं का, पाचदहा सेकंद शांतता आणि मग मोठा उसासा असं होतं का, ते ऐका. भुलेच्या आधीच्या तपासणीला जाताना ते रेकॉर्डिंग आणि गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या, आणि आईंना त्यांचे तिन्ही प्रश्न भूलतज्ज्ञाला स्वतःच्या तोंडाने विचारू द्या.